डी ग्रुपच्या बाळंतिणी

नाही, पण मला एक सांगा! आपण डबा उघडून बसलोय, समोर आठ-आठ पोटुशा बसल्यात, आपल्या हातातल्या लाडवाकडे टक लावून बघतायत, मिशा हलवतायत... तर माणसानं काय करायचं? पाठ फिरवून खायचं? तुमच्या आईनं तसं शिकवलं असेल, माझ्या आईनं नाही शिकवलं! आमच्यात दोन जिवांची समोर असली की आधी तिच्या हातावर ठेवायचं, मग आपल्या तोंडात टाकायचं, हे मला चड्डी घालायच्या आधीपासून माहितीय. आता ही दोन जिवांची नव्हती, अकरा-बारा जिवांची होती, आणि उंदरीण होती, ती गोष्ट वेगळी. पण नियम म्हणजे नियम!

हसा, हसा. तुमचं काय जातं हसायला? मी असा अडकलो ना भिया, असा अडकलो, की इकडे मुलगी, तिकडे मुलीसारखी मॅडम, आणि मधे मी, हातात लाडू घेऊन. बोललो तर एकीची तीन वर्षं पाण्यात, नाही बोललो तर दुसरीच्या पोटातलं लेकरू उपाशी. तुम्हीच सांगा, तोंड उघडू की मिटून बसू?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझं नाव जयसिंगराव. नाव ऐकून लोक आधी वर बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग खाली बघतात. पणजोबा होळकरांच्या पागेत होते, दीडशे घोडे त्यांच्या हाताखाली. आजोबा पण तिथेच, घोडे जरा कमी. वडलांच्या वेळेपर्यंत घोडे संपले, तर ते डेअरीत म्हशींवर लागले. आणि मी? मी पोलोग्राउंडजवळच्या एका फार्मसी कॉलेजात, ॲनिमल हाऊसमध्ये, उंदरांवर आहे! चार पिढ्यांत खानदानाचं जनावर कसं छोटं छोटं होत गेलं बघा. मुलगी आयटीत गेली म्हणून बरं, नाहीतर पुढचा नंबर मुंग्यांचा होता.

पण काम मनापासून करतो हां. सत्तावीस वर्षं झाली. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी, पेलेट... पेलेट म्हणजे त्यांचं जेवण, बोटाच्या पेराएवढी कडक कांडी असते, त्यात सगळं मोजूनमापून घातलेलं. तर आमच्याकडे अमिता मॅडम पीएच.डी. करतात. पोरगी एकदम सोन्यासारखी, एवढी शिकलेली पण 'काका, चहा घेतला का' विचारल्याशिवाय खुर्चीवर बसणार नाही. त्यांचा विषय काय, तर पोटुशा आईनं कसली चरबी खाल्ली की पिल्लाची सुरुवातीची वाढ कशी होते. मी म्हटलं, "मॅडम, याच्यासाठी पीएच.डी. कशाला? आमच्या मल्हारगंजात कुठल्याही ओट्यावर पाच बायकांना विचारा, पाच मिनिटांत सांगतील." तर हसून म्हणाल्या, "काका, पाच जणी पाच वेगळं सांगतील ना, म्हणूनच तर रिसर्च लागते."

मग त्यांनी बत्तीस उंदरिणींचे चार ग्रुप केले. ए ग्रुपच्या पेलेटमध्ये सोयाबीनचं तेल, बी मध्ये तूप, सी मध्ये अळशीचं तेल, आणि डी मध्ये... डी मध्ये जवळजवळ काहीच नाही! कोरडं ठणठणीत! आता तुम्हाला सांगतो, आपण इंदूरची माणसं, आपण पोह्यावर शेव टाकतो, शेवेवर जिरावण मसाला टाकतो, वर परत शेव टाकतो, आपल्या शहरात राहून एका पोटुशीला कोरडं खायला घालायचं म्हणजे जिवावर येतं की नाही? पण मॅडमनी बजावलं होतं, "काका, कार्डाचा रंग बघून पेलेट. बाकी काही नाही. एक दाणा नाही." मी म्हटलं, "हौ मॅडम, एक दाणा नाही." आणि तो डी ग्रुपचा रॅक ठेवला कुठे? माझ्या टेबलाच्या बरोब्बर समोर!

आता घरचं ऐका. त्याच दिवसांत माझी मुलगी मधुरिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. विजय नगरला नोकरी तिची, पण काम घरूनच चालतं, आणि जावईबापूंना कंपनीनं चार महिने बंगळुरूला पाठवलं, तर सहाव्या महिन्यातच आली. ती आली मात्र, आमच्या सौभाग्यवतींच्या, मंगलाच्या अंगात जे काही संचारलं! मुगाचे लाडू, साजूक तुपातले. एक लाडू म्हणजे क्रिकेटचा चेंडू समजा, आणि खाली ठेवला की कागदावर गोल डाग. मुलीला दोन. आणि मला का? तर म्हणे, "अहो, तुम्ही पण आजोबा होणार की नाही? ताकद नको?" अगं, आजोबा व्हायला मला काय करावं लागतंय! पण तिच्यापुढे बोलणार कोण? माझ्या डब्यात पण दोन.

आणि इथेच तर घोटाळा आहे. कॉलेजात तपासणीचं शिबिर झालं होतं, माझं रक्त घेतलं, रिपोर्ट आला, तर डॉक्टरनं रिपोर्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जयसिंगरावजी, घी-तेल आज से बंद. ये कोलेस्टेरॉल है कि मोबाइल नंबर?" आता हे मंगलाला सांगायचं कसं? मागे एकदा बीपी निघालं म्हणून सांगितलं, तर हिनं सोळा सोमवार धरले, आणि सोमवारची साबुदाण्याची खिचडी कोणाला? मला! शेंगदाण्याचं कूट, वर तूप, वर बटाट्याच्या सळ्या... बीपी तिथल्या तिथे, वजन चार किलो वर. म्हणून या वेळी रिपोर्ट घडी घालून गाडीच्या डिक्कीत, रेनकोटखाली. आजपर्यंत तिथेच आहे. कोणाला बोलू नका.

म्हणजे बघा, लाडू घरी खायला नाही म्हणता येत नाही, आणि पोटात जाऊ देता येत नाही. फेकायचे? मंगलाच्या हातचं अन्न फेकायचं? हात झडतील माझे. तर मी एक दिवस ॲनिमल हाऊसमध्ये डबा उघडला, स्टीलचा डबा आहे, झाकण घट्ट, उघडताना खट्ट आवाज होतो, लाडवाकडे बघत बसलो... आणि वर मान केली तर समोर डी-तीन. डी ग्रुपच्या तिसऱ्या पिंजऱ्यातली. पुढचे दोन पंजे जाळीला धरून उभी राहिलेली, आणि बघतेय. बाईंनी काही मागितलं नाही हां. नुसतं बघत होती. भिया, माझी मधू सहाव्या महिन्यात आणि ही माझ्यासमोर कोरडी कांडी चावत बसलेली... मला काय झालं कोणास ठाऊक, लाडवाचा हरभऱ्याएवढा तुकडा काढला आणि जाळीतून आत! असा दोन्ही पंजांत धरून खाल्ला हो तिनं, माझे डोळे भरून आले.

मग एकीला दिला आणि सातजणींना नाही, हे चालतं का? शेजारपाजाऱ्यांत असं करतो का आपण? आठहीजणींना दिला. रोज. ए, बी, सी वाल्यांना नाही, त्यांना त्यांचं तेल-तूप मिळतंय ना, त्यांची सासरं श्रीमंत! उरलेला भुगा खिडकीतल्या कबुतरांना. मंगला खूश, डबा लखलखीत रिकामा. उंदरिणी खूश. मी खूश. बावीस दिवस कसे गेले कळलं नाही, आणि एका आठवड्यात बत्तीस बाळंतपणं! तुमच्या घरी एक झालं तरी सगळं घर डोक्यावर घेता, मी बत्तीस काढली.

आता पिल्लांची परीक्षा. डोळे कितव्या दिवशी उघडतात ते लिहायचं. आणि पिल्लाला पाठीवर ठेवायचं आणि ते पलटी मारून सरळ व्हायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघायचं. स्टॉपवॉच माझ्या हातात. आणि काय सांगू तुम्हाला, ए ची पिल्लं ठीकठाक, सी ची जरा चुणचुणीत, बी ची गोल-गरगरीत पण आळशी, आणि डी ची? ठेवलं की पलटी! ठेवलं की पलटी! मला बटण दाबायला वेळ नाही! डोळे तर सगळ्यांच्या आधी उघडले. अमिता मॅडम वही उलटसुलट करून बघायला लागल्या. "काका, हे कसं शक्य आहे? यांच्या आया पेलेट पण कमी खातात, तरी वजन वाढतंय!" मग मोठे साहेब आले, डॉ. शरदचंद्र, मॅडमचे गाईड, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अमिता, हे काहीतरी मोठं आहे. आहारातली चरबी जितकी कमी, तितकं पिल्लू चपळ! सगळी पुस्तकं बदलावी लागतील!" लगेच हैदराबादच्या परिषदेला नाव गेलं, पोस्टर छापायला टाकलं, पेढे आले... मी पण दोन पेढे खाल्ले. म्हणजे एक खाल्ला, एक डी-तीनला.

आणि खरं सांगतो, आईची शप्पथ, तोपर्यंत माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नव्हतं! मला वाटलं, अरे वा, सायन्स काय चीज आहे! छाती फुगवून घरी गेलो आणि जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मधू, आमच्या कॉलेजात सिद्ध झालंय, आईनं चरबी खाल्लीच नाही तर पोर सगळ्यात हुशार निघतं!"

झालं. मधू आयटीतली. तिला आईनं सांगितलेलं अनसायंटिफिक असतं आणि ग्राफ दाखवला की ब्रह्मवाक्य असतं. तिनं ताटातली पोळी बाजूला केली. "आई, याला तूप लावलंय?" मंगला म्हणाली, "नाही गं, नुसतं दाखवलंय." "नको. वरणावर पण नको. भाजी उकडून दे. आणि ते लाडू तर एकदम बंद, बाबांच्या लॅबचा डेटा आहे!" मंगलानं माझ्याकडे असं बघितलं... तुम्ही कधी उकळत्या तेलात पाण्याचा थेंब पडताना बघितलाय? तसं. म्हणाली, "तुमच्या उंदरांनी माझ्या मुलीचं तोंड बांधलं! मग आता तिच्या वाटणीचे पण तुम्हीच खा!" दुसऱ्या दिवशी डब्यात चार लाडू.

त्याच दुपारी टेबलावर बसलो, डबा काढला, खट्ट झालं... आणि समोर आठच्या आठ बाळंतिणी जाळीला धरून उभ्या. ए कडे बघितलं, झोपलेल्या. बी झोपलेल्या. सी झोपलेल्या. डी उभ्या! आणि तेव्हा, तेव्हा माझ्या या टाळक्यात उजेड पडला, की जयसिंगराव, अरे गाढवा, कसली कमी चरबी? यांनी तर बावीस दिवस मंगलाचं साजूक तूप खाल्लंय! आता तुम्हीच सांगा, तोंड उघडू की मिटून बसू?

म्हटलं, निदान आजपासून द्यायचं बंद करू. केलं. एक दिवस. डी-तीननं माझ्याकडे पाठ केली आणि बसून राहिली. माझी आई रुसली की अशीच बसायची. आणि मॅडम आल्या, वही बघून म्हणाल्या, "काका, आज डी चं वजन का पडलं? कोणी घाबरवलं का त्यांना?" आणि एवढ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या, जेवल्याच नाहीत. परत दिला तुकडा. म्हणजे द्यायचं तर लबाडी, नाही द्यायचं तर हत्या! उंदरिणींना निदान पिंजऱ्याचं दार तरी दिसत होतं, मला तर ते पण दिसेना.

मग म्हटलं, घरी सुरुवात करू. मधूला म्हटलं, "बेटा, थोडं तूप चालतं असं वाटतंय." "बाबा, वाटतंय म्हणजे? सॅम्पल साइझ किती?" मग तिला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि कपाळाला आठ्या. "मधुरिमा, तीन हफ्ते में वजन बढ़ने की जगह आधा किलो कम? क्या खा रही हो?" मधूनं ठणकावून सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाल में एक चम्मच घी डालो, अखरोट खाओ, अलसी खाओ। अति मत करो, पर बंद भी मत करो। बच्चे का दिमाग बन रहा है, हवा से बनेगा क्या?" पटलं का मधूला? म्हणाली, "डॉक्टर, मेरे पापा इसी पर रिसर्च में हैं।" बाईंनी एकदम आदरानं माझ्याकडे वळून विचारलं, "अच्छा! सर, आप किस पोस्ट पर हैं?" मी जो खोकायला लागलो तो बाहेर पाण्याच्या नळापर्यंत खोकतच गेलो.

आणि तिकडे कॉलेजात? रोज ठरवून जायचो, आज बोलायचंच. एक दिवस गेलो, मॅडमसमोर उभा राहिलो, "मॅडम, एक बोलायचं होतं..." तर त्याच म्हणाल्या, "काका, आधी मी! हे बघा पोस्टर!" खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, विशेष आभार, श्री. जयसिंगराव, काटेकोर आहार-व्यवस्थेसाठी. काटेकोर! भिया, माझं नाव उभ्या जन्मात रेशनकार्डाशिवाय कुठे छापलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "बाबा गेल्यापासून मला कोणी इतकं सांभाळून घेतलं नाही काका. तुम्ही काय बोलणार होता?" मी म्हटलं, "काही नाही... फिनाइल संपलंय." आता बोला! तोंड उघडू की मिटून बसू?

रविवारी मंगलालाच सांगून टाकलं. म्हणजे अर्धं. रिपोर्टचं नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. म्हटलं, दया आली म्हणून माझ्यातला लाडू त्या बिचाऱ्या पोटुशांना देत होतो, आणि आता असं असं होऊन बसलंय. मला वाटलं, कपाळ बडवेल. तर ही खुर्चीतून उठलीच! "म्हणजे पहिला नंबर माझ्या लाडवांचा?" अगं, तसं नाही... "डोळे सगळ्यात आधी माझ्या लाडवांनी उघडले? आणि पोस्टरवर नाव तुमचं?" आणि मग परत खुर्चीत बसली. हळूच म्हणाली, "अहो, म्हणजे मधू तीन आठवडे उगाच उपाशी आहे?" मी मान खाली घातली. म्हणाली, "उद्याच्या उद्या खरं सांगून या. मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही. तिला ग्राफवाल्या माणसाकडूनच हवं."

आणि दुसऱ्या दिवशी परत टाळायची सोयच उरली नाही म्हणा. सोमवारी सकाळी मी निघत होतो, मधू वरून जिना उतरत होती, आणि मधल्या पायरीवर एकदम कठडा धरून खाली बसली. चेहरा पांढरा. एक हात पोटावर. "बाबा, काही नाही, जरा गरगरलं..." माझी एवढीशी पोर, माझ्या बढाईपायी, माझ्या भेकडपणापायी अशी पायरीवर बसलीय! तिला साखरेचं पाणी पाजलं, मंगलाच्या हवाली केलं, डबा उचलला आणि मल्हारगंजातून पोलोग्राउंडपर्यंत ॲक्टिव्हा अशी पळवली की पणजोबांचे दीडशे घोडे मागे राहिले असते.

आत गेलो तर मोठे साहेब आणि मॅडम दोघं डी च्या रॅकसमोरच उभे. साहेब म्हणाले, "या जयसिंगराव, तुमचंच कौतुक चाललंय." मी तोंड उघडलं. आवाज नाही! मिटलं. परत उघडलं. नुसती हवा! सत्तावीस वर्षांची नोकरी, पोस्टरवरचं नाव, ही समोरची पोर, सगळं आडवं आलेलं. मग म्हटलं, लाडूच दाखवतो. डब्याचं झाकण काढलं... खट्ट!

आठ जणी उभ्या. एकीला तर चार पिल्लं लटकलेली होती, तशीच उभी. डी-तीननं जाळी हलवली हो! मला काही बोलावंच लागलं नाही. माझं तोंड बंद, आठ बाळंतिणींनी साक्ष दिली.

मॅडमनी डब्याकडे बघितलं. रॅककडे बघितलं. मग माझ्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं, ए च्या रॅकपाशी गेल्या, खट्ट. काही नाही. बी पाशी, खट्ट. काही नाही. सी, काही नाही. डी पाशी आल्या, खट्ट, आणि आठ उभ्या. डोळ्यांतून पाणी चाललंय पोरीच्या, आणि तरी तिनं तीन वेळा करून बघितलं! सायंटिस्ट आहे हो. मग म्हणाली, "काका, कधीपासून?" म्हटलं, पहिल्या दिवसापासून. "किती?" हरभऱ्याएवढा. "कोणता हरभरा? देशी की काबुली?" म्हटलं, देशी. तिनं वहीत लिहून घेतलं.

मी म्हटलं, "मॅडम, मी राजीनामा देतो. पण माझी मुलगी..." आणि मग जे रडू आलं ना मला, ते सगळं सांगूनच थांबलं. मधूचं जेवण, पायरी, सगळं. रिपोर्ट पण सांगितला, बाहेरच्यांना सांगायला काय जातं! साहेब खुर्चीत मटकन बसले, म्हणाले, "पुस्तकं आहेत तशीच राहू देत." मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही आज बोलला नसता तर मी हैदराबादला सगळ्यांसमोर उभी राहून खोटं सांगितलं असतं. आणि ते ऐकून अजून किती मुलींनी ताटं सरकवली असती." त्यांनी स्वतः मधूला फोन लावला. "हॅलो, मी अमिता बोलतेय. बाबांच्या लॅबचा डेटा चुकीचा आहे. डॉक्टरांनी सांगितलं तसं खा. आत्ता, लगेच."

घरी गेलो तर मधू वरणभात खात बसलेली, वर तुपाची धार. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, म्हणजे मी तीन आठवडे उंदरांचं ऐकलं?" म्हटलं, नाही बेटा, उंदीर खरंच बोलत होते, मधला माणूस खोटा होता. ती हसली. मग लाडू घेतला. मंगला तिकडे तोंड करून डोळे पुसत होती, कांदा नव्हता काही.

बरं, शिक्षा झाली की नाही मला? झाली ना! डी ग्रुप पहिल्यापासून परत. मॅडमचे सहा महिने गेले. माझ्या टेबलावर कॅमेरा लागला, आणि मी आता व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून जेवतो. वर एक नवा ई ग्रुप आला, लाडवाचा. त्यासाठी मंगलाला लॅबमध्ये बोलावलं, तूप किती ग्रॅम ते लिहून द्यायला. ही काट्यासमोर तासभर उभी राहिली आणि म्हणाली, "ग्रॅम मला माहिती नाही, मूग मागेल तेवढं." मॅडम हात जोडून बसल्या. शेवटी डी ची पिल्लं, खरोखरची कोरडी, तीच सगळ्यात शेवटी डोळे उघडणारी निघाली, आणि मॅडम म्हणाल्या, "हुश्श." ई चं काय झालं ते विचारू नका, पेपर छापून येईपर्यंत बोलायची बंदी आहे.

आणि मधूला मुलगी झाली! तीन किलोला शंभर ग्रॅम कमी, डोळे टकाटका उघडे, सगळ्यांकडे बघतेय. मोठी झाली, चौथ्या महिन्यात एक दिवस दुपट्यावर पाठीवर पडली होती, एकदम अंग उचललं, पाय टाकला, आणि पलटी! पालथी पडली! सगळं घर ओरडायला लागलं, आणि माझा अंगठा आपोआप बटण शोधायला लागला, सवय हो, काय करणार... मंगला धावत आतून ताट घेऊन आली. लाडू. म्हणाली, "आज तुम्ही दोन खायचे. उंदरांना वाटत होता ना आपल्या तोंडचे काढून? आता त्यांचे त्यांना मिळतात, मी ई ग्रुपचे वेगळे करून देते. हे तुमचे. मन मारायचं नाही!"

म्हणजे बघा, तिच्या मते मी तेव्हा उपाशी राहून दान करत होतो! आणि डिक्कीत, रेनकोटखाली, तो रिपोर्ट. मी म्हटलं, जयसिंगराव, बस झालं. दोन पोरींना खरं सांगितलंस, आता बायकोला पण सांगून मोकळा हो. एवढा फसलास तोंड मिटून, आज उघड!

तर भिया, मी तोंड उघडलं... आणि हिनं त्यात लाडू घातला.